इंजिनाचा जोडदांडा

बारामती व इंदापूर या तालुक्यांतून नीरा डावा कालवा वाहतो. १८८५ साली तो सुरू झाला आणि त्याच्या काठाने उसाचे मळे उभे राहिले. परंतु ज्या रानाला कालव्याचे पाणी पोहोचत नाही, तेथे विहिरीवरच भिस्त असते. विहिरीवर पूर्वी बैलांची मोट चाले. पुढे तिच्या जागी तेलावर चालणारे इंजिन आले. आज बहुतेक ठिकाणी विजेचे पंप आहेत. तरी वीज नसेल तेथे हेच इंजिन कामी येते.

इंजिनाच्या सिलिंडरात इंधन पेटले, म्हणजे वायूच्या दाबाने दट्ट्या खाली ढकलला जातो. परंतु पंपाला हवी असते ती चक्राकार गती. म्हणून दट्ट्या व क्रँक यांना एक पोलादी दांडा जोडलेला असतो. कारागीर त्यास कनेक्टिंग रॉड म्हणतात. आपण जोडदांडा म्हणू. इंजिन मिनिटास १,५०० फेरे घेत असेल, तर दट्ट्याबरोबर हा दांडा सेकंदास २५ वेळा खालीवर होतो. त्याच्या दोन्ही टोकांना धातूचे अस्तर असते. तेलाचा पातळ थर या अस्तराचे रक्षण करतो. तेल कमी पडले किंवा त्यात माती मिसळली, की अस्तर झिजते, फट वाढते आणि इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागतात. त्यांकडे दुर्लक्ष केल्यास एखादे दिवशी दांडा तुटून इंजिनाचे कवच फोडतो, आणि उभे पीक पाण्यावाचून वाळते.

झिजलेला दांडा बदलताना इंजिन प्रथम थंड होऊ देतात व जुने तेल काढून टाकतात. सिलिंडरचा माथा उतरवून खालचे झाकण उघडतात. दांड्याच्या मोठ्या टोकाचे दोन अर्धे भाग क्रँकभोवती बोल्टांनी आवळलेले असतात. ते सोडवले, म्हणजे दट्ट्यासह दांडा वरून निघतो. नवा दांडा बसवण्यापूर्वी क्रँकची पिन सूक्ष्ममापकाने सर्व बाजूंनी मोजतात. ती लंबगोल झाली असेल, तर नवे अस्तरही लवकरच झिजेल. म्हणून तिला आधी घासून गोल करतात व त्या मापाचे अस्तर घालतात. दोन्ही अर्ध्या भागांवरील जोडीच्या खुणा जुळवून बोल्ट आळीपाळीने व ठरावीक जोरानेच आवळतात. सैल बोल्ट सुटतो; फाजील आवळलेला तुटतो. शेवटी नवे तेल भरून चाक हाताने फिरवून पाहतात. ते कोठे अडखळले नाही, तरच इंजिन प्रथम भाराविना चालवतात.

बैल लंगडू लागला, तर शहाणा शेतकरी त्याला त्याच दिवशी मोटेवरून सोडीत असे. इंजिनाचा ठोकाही तितक्याच तत्परतेने ऐकावयास हवा.