एकक, वेळ आणि कारण

कोयनानगरात जुलैमध्ये पाऊस लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो. गेल्या पावसाळ्यात अशाच एका संध्याकाळी मी लॅपटॉपसमोर तीन तास एकाच आकड्याशी झुंजत होतो. तो आकडा होता २९.७.

आम्ही चार मित्र मिळून एक छोटा प्रोग्राम चालवतो. कोयना धरणाचे रोज जाहीर होणारे आकडे त्यात भरायचे आणि आलेख काढायचे. पाणीपातळी, साठा, आवक, विसर्ग, शिवाय कोयना, नवजा आणि महाबळेश्वरचा पाऊस. त्या दिवशी पायथा वीजगृहाच्या एका युनिटमधून नदीत १०५० क्युसेक पाणी सोडलं जात होतं. आमच्या आलेखावर मात्र २९.७. फंक्शनच्या डोक्यावर कॉमेंट होती : ‘विसर्ग क्युसेकमध्ये.’ तिच्यावर भरवसा ठेवून मी बाकी सगळीकडे चूक शोधली, तेवढ्या एका जागी सोडून. शेवटी सहज १०५० ला ३५.३१ ने भागून पाहिलं. उत्तर आलं २९.७. फंक्शन कधीच सेकंदाला घनमीटर या हिशोबावर गेलं होतं, कॉमेंट तेवढी क्युसेकमध्ये राहिली होती. बदल माझाच होता, आठ महिन्यांपूर्वीचा.

ही गोष्ट चौघांपैकी एकाच्याही नजरेत कशी आली नाही? उत्तर शोधायला मी फाइल वरपासून खालपर्यंत वाचली, या वेळी फक्त कॉमेंट. एकाने एकक कंसात लिहिलेलं, दुसऱ्याने वाक्यात, तिसऱ्याने लिहिलेलंच नाही. कुठे तारीख आणि नावाची आद्याक्षरं, कुठे नुसतं ‘हे नीट बघायचं आहे’, कुठे जुना कोडच कॉमेंट करून ठेवलेला. दोनशेच्या वर कॉमेंट आणि प्रत्येकीचं वळण निराळं. अशा गर्दीत चुकीची कॉमेंट वेगळी दिसणार कशी? सगळ्या एका वळणाच्या असत्या, तर डोळा तिथे अडखळला असता. कॉमेंटची शैली एकसारखी ठेवायची ती एवढ्यासाठी.

पुढच्या रविवारी आम्ही नियम ठरवायला बसलो. पायथनची ‘पेप ८’ ही लेखनसंहिता २००१ पासूनची आहे. कॉमेंटच्या चिन्हानंतर एक जागा सोडायची, कॉमेंटची ओळ ७२ अक्षरांच्या आत ठेवायची, कोडच्याच ओळीवर कॉमेंट असेल तर आधी किमान दोन जागा सोडायच्या, असं सगळं तीत आहे. गो भाषेतला रिवाज आणखी वेगळा : ज्या फंक्शनबद्दल कॉमेंट आहे, त्याच्याच नावाने ती सुरू करायची. प्रत्येक घरची रीत वेगळी, पण एका घरात एकच. आम्ही पेप ८ जशीच्या तशी घेतली, कारण मोकळ्या जागा आणि ओळीची लांबी मशीन तपासून देतं. अर्थ मात्र मशीनला तपासता येत नाही. म्हणून स्वतःचे तीन नियम जोडले. प्रत्येक फंक्शनवर आधी काय मिळतं ते, मग एकक, मग वेळ. कोड सांगतो तेच पुन्हा लिहायचं नाही, कारण लिहायचं. आणि कोड बदलला की कॉमेंट त्याच कमिटमध्ये बदलायची.

मग तीन संध्याकाळी दुरुस्ती चालली. पूर्वी नुसतं ‘रोजचा पाऊस’ होतं. आता झालं : ‘चोवीस तासांचा पाऊस. एकक : मिलिमीटर. वेळ : आदल्या दिवशी सकाळी ८ ते नोंदीच्या दिवशी सकाळी ८.’ दुसरीकडे ‘वर्ष जूनपासून सुरू’ अशी कॉमेंट होती. ते तर खालची ओळ सांगतच होती. तिथे कारण लिहिलं : ‘कोयनेचं तांत्रिक वर्ष १ जून ते ३१ मे. वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या ६७.५ टीएमसी पाण्याचा हिशोब याच वर्षाने होतो.’ आता जानेवारीपासून वर्ष धरण्याचा मोह कुणाला होणार नाही.

पाणीपातळीच्या फंक्शनवर ‘एकक’ लिहिलं आणि हात थांबला. पुढे काय लिहायचं ते मला ठाऊकच नव्हतं. कोड उघडावा लागला. एका ठिकाणी पूर्ण पातळी २१६३ होती, म्हणजे फूट, आणि दुसऱ्या ठिकाणी ६५९, म्हणजे मीटर. त्या ठरलेल्या रकान्याने विचारलं नसतं, तर ही चूक पुढच्या पावसाळ्यापर्यंत तशीच राहिली असती.

ऑगस्टमध्ये एका मित्राने धरणाच्या सहा वक्री दरवाजांची नोंद करणारा कोड पाठवला. कॉमेंट अशी होती : ‘दरवाजे किती उचलले. एकक : फूट. वेळ :’ पुढची जागा कोरी. मी फोन केला. तो म्हणाला, “अरे, तिथेच अडलोय. निवेदनात आधी जाहीर केलेली वेळ असते, दरवाजे प्रत्यक्षात कधी उचलले ते नसतं.” आम्ही लिहिलं : ‘वेळ : निवेदनात जाहीर केलेली.’ तेवढी ओळ भरली आणि मगच तो कोड मुख्य फाइलमध्ये घेतला.