विजेरी : लेखांक 7 – मुठीतली टॉर्च आणि चार चिपांचा एलईडी

आज ड्रायव्हरबद्दल, म्हणजे एलईडीला मिळणारा प्रवाह सांभाळणाऱ्या सर्किटबद्दल, लिहायचे ठरले होते. ते एक आठवडा पुढे ढकलतो आहे, कारण सेलवरचा लेख आल्यापासून वाचकांचा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे : एका 18650 सेलवर चालणारी स्वस्तातली टॉर्च घ्यायची तर ‘टी6’ बरी की ‘पी50’, ‘पी70’? प्रश्न साधा वाटतो, पण त्यातला ‘टी6’ हा एलईडीचा प्रकारच नाही. क्री या अमेरिकी कंपनीने 2010 मध्ये एक्सएम-एल नावाचा एलईडी आणला. एकाच घाण्यातून निघालेले नगही सारखा उजेड देत नाहीत, म्हणून पेटी भरण्याआधी आंबा निवडावा तशी त्यांची प्रतवारी होते. 700 मिलीअँपिअरवर 280 ते 300 ल्युमेन देणारे नग ‘टी6’ आणि 300 ते 320 देणारे ‘यू2’. प्रतवारीचा हा शिक्का बाजाराने नाव म्हणून उचलला. त्यामुळे आज खोक्यावर ‘टी6’ छापलेले असले तरी आत क्रीचाच माल असेल, असे धरून चालता येत नाही. छापील अक्षरांपेक्षा काचेतून दिसणाऱ्या एलईडीवर जास्त भरवसा ठेवावा. टॉर्च बंद करून आत पाहिले की पिवळा चौकोन दिसतो. तो एकसंध असेल तर एक चिप. मधून अधिक चिन्हासारखी बारीक फट गेली असेल तर चार चिपा, म्हणजे पी50 किंवा पी70 च्या घराण्यातला एलईडी. ही एक्सएचपी50 आणि एक्सएचपी70 यांची बाजारातली लाडकी नावे. पहिल्याची बैठक 5 मिलिमीटर, दुसऱ्याची 7.

माझे मत स्पष्ट आहे. मुठीत मावणाऱ्या, एका सेलच्या टॉर्चमध्ये पी70 घेऊ नये. एलईडी म्हणून तो उत्तमच आहे : कंपनीच्या आकड्यांनुसार 32 वॅटवर 4,000 ल्युमेन, तर एक्सएम-एल 10 वॅटवर 1,000. पण टॉर्चला हे 32 वॅट झेपतात का, हे तपासायला हवे. 3,000 मिलीअँपिअर-तासांच्या सेलमध्ये सुमारे 11 वॅट-तास ऊर्जा असते, म्हणजे जेमतेम वीस मिनिटांची चैन. आणि तेवढे वॅट ओढायला सेलमधून नऊ अँपिअर यावे लागतात. जास्त क्षमतेच्या बहुतेक सेलना ते पेलत नाही. खरी अडचण मात्र उष्णतेची आहे. 32 पैकी किमान 20 वॅटची उष्णता होते. टॉर्चची ॲल्युमिनियमची नळी दीडशे ग्रॅमची धरली तर 20 वॅट तिला दर सात सेकंदांना एक अंश तापवतात. तीस अंशांवर सुरू केलेली टॉर्च साडेतीन-चार मिनिटांत साठ अंशांवर जाते, म्हणजे हातात धरवत नाही. तिथे ड्रायव्हरने प्रवाह उतरवला नाही तर एलईडीचेच आयुष्य घटते. एवढी नळी स्थिर हवेत साधारण पाच वॅट उष्णता सतत बाहेर टाकू शकते. तेव्हा एलईडी कुठलाही असो, पाच मिनिटांनंतर सगळ्या टॉर्च सातशे-नऊशे ल्युमेनच्या आसपास येऊन थांबतात. 4,000 चा आकडा खोक्यावर असतो, पण शेताच्या बांधावर पोचेपर्यंत तो टिकत नाही.

यावर जाणकार वाचक एक रास्त आक्षेप घेतील. मोठा एलईडी कमी प्रवाहावर चालवला तर तो लहानापेक्षा कमी विजेत तेवढाच उजेड देतो. मग मोठाच घेऊन मंद का चालवू नये? तत्त्व अगदी बरोबर आहे. चिपेवर प्रवाहाची गर्दी कमी झाली की दर वॅटमागे जास्त ल्युमेन मिळतात. पण एक्सएचपी70 ला 6 किंवा 12 व्होल्ट लागतात आणि सेल देतो 3.7. व्होल्टेज चढवणारा चांगला ड्रायव्हर स्वस्त टॉर्चमध्ये क्वचितच असतो, आणि हलक्या ड्रायव्हरमध्ये ती बचत उष्णता होऊन निघून जाते. चार चिपा समांतर जोडलेले 3 व्होल्टचे एलईडी आता मिळतात. त्यांच्या बाबतीत हा मुद्दा बराच सैल पडतो, हे मान्य करायला हवे.

तरीही झोताचा प्रश्न उरतोच, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. आरसा तोच ठेवून तेवढेच ल्युमेन चौपट पृष्ठभागातून काढले तर झोताच्या मध्यावरची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. टॉर्चचा पल्ला मोजताना पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, म्हणजे 0.25 लक्स उजेड जिथवर पडतो ते अंतर धरतात. ते या तीव्रतेच्या, म्हणजे कँडेलाच्या, वर्गमुळाच्या दुप्पट मीटर येते : 10,000 कँडेलाला 200 मीटर, 2,500 ला 100. म्हणजे ल्युमेन तेवढेच राहूनही पल्ला निम्मा. शिवाय चार चिपांमधली ती फट गुळगुळीत आरशात उमटते. भिंतीवर झोत टाकला की मधोमध काळपट डाग दिसतो. खडबडीत आरसा तो पुसतो, पण पल्ला आणखी खातो. रात्रपाळीच्या विजेवर पाणी धरायला जाणाऱ्याला दोन्ही लागते : पायाखालचा उजेड आणि दूरवर पाटाच्या तोंडापर्यंत जाणारा झोत. एका चिपेचा ल्युमिनसचा एसएसटी-40 किंवा चिपेवरचा पारदर्शक घुमट नसलेला क्रीचा एक्सपी-एल ही दोन्ही कामे बेताने करतो. घरात वीज गेल्यावर खोलीभर उजेड हवा असेल, टॉर्च टेबलावर उभी करून छताकडे रोखायची असेल, तर मात्र चार चिपांचा पसरट झोतच सोयीचा. तिथे मी आग्रह सोडतो.

पाटाच्या कडेला पडलेली दोरी आणि साप यांतला फरक ओळखायचा असेल, तर ल्युमेनपेक्षा रंग खरे दिसणे जास्त महत्त्वाचे. सूर्यप्रकाशाला 100 गुण देणाऱ्या सीआरआयच्या मापात बाजारातले बहुतेक निळसर पांढरे एलईडी सत्तरच्या आसपास असतात, तर निचियाचा 519ए आणि ल्युमिनसच्या एसएसटी-20 चा 4000 केल्विनचा प्रकार नव्वदच्या वर. त्यांत थोडे ल्युमेन कमी मिळतात. ड्रायव्हरच्या लेखाआधी ज्यांना टॉर्च घ्यायचीच आहे, त्यांनी हे दोन आधी पाहावेत.