रद्दीतून वाचलेला वेताळ

परदेशी कॉमिक्सचे प्रकाशक एकाच अंकाची काही निराळी मुखपृष्ठं मुद्दाम कमी छापतात. ती टंचाई छापखान्यातच ठरते. १९६४ साली टाइम्स समूहाने सुरू केलेल्या इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांची टंचाई मात्र वाचकांनी घडवली. त्यातल्या वेताळ या नायकाचे अंक हातोहात फिरले, पिना गंजल्या, मुखपृष्ठं निखळली, उरलेले रद्दीत गेले. म्हणूनच शाबूत मराठी प्रत मला त्या परदेशी मुखपृष्ठांपेक्षा अधिक मोलाची वाटते. मागणीच नसेल तर दुर्मीळ अंकाला भाव कुठला, असं कुणी विचारेल. रास्त आहे, पण ज्यांनी वेताळ मराठीतून वाचला, त्यांची भूक इंग्रजी प्रतीने भागत नाही. अशा वाचकांसाठी एक जागा मनात येते. महाबळेश्वरजवळचं भिलार २०१७पासून पुस्तकांचं गाव आहे, तिथे घराघरांत पुस्तकं वाचायला मोकळी असतात. तिथे हे अंक ठेवायचे, तर एक प्रत वाचायला आणि दुसरी कपाटात जपून हवी.