दोन फेऱ्या कमी पडल्या, मग काय? विमानकंपन्यांची पायरी आणि आपला हिशेब



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं, की भिवंडीत विमानकंपन्यांच्या गोल्ड कार्डावर व्याख्यान कशाला? हे शहर यंत्रमागांचं आणि गोदामांचं. पण मानकोली, अंजूरफाटा, दापोडे या पट्ट्यात गोदामं उभी राहिली, तशी तिथल्या व्यवस्थापकांची दिल्ली-बंगळूर वारीही सुरू झाली. कापडाचे व्यापारीही आता नमुने घेऊन विमानाने जातात. त्यामुळे डिसेंबर उजाडला की इथल्याही काही मंडळींच्या मोबाइलवर एक संदेश येतो: गोल्ड होण्यासाठी आता फक्त दोन फेऱ्या बाकी.

समजा वर्षाला ३० फेऱ्यांची अट आहे आणि तुमच्या २८ झाल्या आहेत. काम काहीच नाही. तरी दोन फेऱ्या पुऱ्या करण्यासाठी एखाद्या रविवारी गोव्याला जाऊन संध्याकाळी परत यावं का? असं करणारी माणसं आहेत. जगभर आहेत. इंग्रजीत या प्रकाराला 'माइलेज रन' असं नावही पडलेलं आहे. या एका प्रश्नावरून आपल्याला आज बरंच काही समजून घ्यायचं आहे, आणि शेवटी आपण भिवंडीच्या रस्त्यावरच येणार आहोत.

ही पायरी आली कुठून?

अमेरिकेत १९७८ पर्यंत विमानाची भाडी आणि मार्ग सरकार ठरवत असे. त्या वर्षी कायदा झाला आणि ते बंधन सुटत गेलं. आता स्पर्धा आली. एकाच मार्गावर चार कंपन्या, खुर्ची तशीच, वेळही जवळपास तीच. मग गिऱ्हाईक आपल्याकडेच परत कसं येणार? १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने 'अॅडव्हान्टेज' नावाची योजना काढली. जितके मैल उडाल तितके मैल खात्यावर जमा, आणि पुरेसे साठले की तिकीट फुकट. काही दिवसांतच युनायटेडने आपली योजना आणली आणि मग सगळ्यांनीच आणल्या. आपल्याकडे एअर इंडियाची 'फ्लाइंग रिटर्न्स' १९९४ ची. जेट एअरवेजची 'जेटप्रिव्हिलेज' आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

फुकट तिकिटावर गोष्ट थांबली नाही. पुढे दर्जे आले: सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. दर्जा म्हणजे वर्षभर चालणारी वागणूक. वेगळी रांग, लाउंज, जादा सामान, विमान रद्द झालं तर आधी विचारपूस. सुरुवातीला हे सगळं मैलांवर मोजलं जाई. मग कंपन्यांच्या लक्षात आलं, की स्वस्त तिकिटावर लांब जाणाऱ्यापेक्षा महाग तिकिटावर जवळ जाणारा गिऱ्हाईक जास्त कामाचा. २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेड यांनी मैल सोडून खर्च केलेल्या पैशांवर गुण द्यायला सुरुवात केली. एअर इंडियानेही २०२४ मध्ये तोच रस्ता धरला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण बरेच लोक नेमके इथेच फसतात. खात्यावरचे गुण दोन प्रकारचे असतात. एक, खर्च करायचे गुण. त्यांतून तिकीट मिळतं. दुसरे, दर्जा ठरवणारे गुण. क्रेडिट कार्डावर किराणा घेऊन साठवलेले गुण बहुतेक वेळा पहिल्या प्रकारात जातात. खात्यावर लाखभर गुण दिसतात, माणूस निर्धास्त राहतो, आणि वर्षअखेरीला कळतं की दर्जाच्या रकान्यात मात्र कमीच पडले.

दोनच कमी, म्हणून जास्त लागतं

आता मनाकडे वळू. ज्याच्या वर्षात १२ फेऱ्या झाल्या, त्याला गोल्ड न मिळाल्याचं दुःख नसतं. त्याच्या ते गावीही नसतं. झोप उडते ती २८ वाल्याची. दहावीला ३४ गुण मिळालेल्या पोराच्या घरी जो शोक होतो, तो १५ वाल्याच्या घरी नसतो, तसंच हे.

क्लार्क हल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये एक कल्पना मांडली: लक्ष्य जवळ आलं की धावणाऱ्याचा वेग वाढतो. त्याचे प्रयोग उंदरांवर होते. माणसांचं काय? २००६ मध्ये नून्स आणि ड्रेझ या दोन संशोधकांनी गाड्या धुण्याच्या एका केंद्रावर ३०० कार्डं वाटली. निम्म्या कार्डांवर आठ चौकटी, सगळ्या रिकाम्या. उरलेल्या निम्म्यांवर दहा चौकटी, पण त्यातल्या दोनवर आधीच शिक्के मारलेले. म्हणजे दोघांनाही गाडी आठ वेळाच धुवायची होती. काम अगदी सारखं. तरी रिकाम्या कार्डवाल्यांपैकी १९ टक्के लोकांनी कार्ड पुरं केलं, आणि दोन शिक्के फुकट मिळालेल्यांपैकी ३४ टक्के लोकांनी. का? तर दुसऱ्यांना वाटलं, आपण निघालोच आहोत, आता अर्ध्यावर कशाला सोडायचं!

'फक्त दोन फेऱ्या बाकी' हा संदेश याच जागेवर बोट ठेवतो. शिवाय नवं वर्ष लागलं की मोजणी पुन्हा शून्यावर येते. २८ फेऱ्या वाया गेल्या असं वाटतं. पण वाया काय गेलं? त्या २८ फेऱ्या कामासाठी होत्या. काम झालं, त्यांची किंमत तिथेच वसूल झाली. आता प्रश्न उरतो तो फक्त पुढच्या दोन फेऱ्यांचा: त्यांना किती पडणार आणि त्यांतून किती मिळणार?

कागद घ्या आणि मांडा

दोन माणसं धरू. आकडे आमचे, तुम्ही आपापले घाला.

पहिला गोदामाचा व्यवस्थापक. तो आज सिल्व्हर आहे. गोव्याला जाऊन-येऊन ९,००० रुपये, भिवंडीहून विमानतळाची टॅक्सी दोन्ही वेळची ३,०००. झाले १२,००० आणि एक अख्खा रविवार. मिळणार काय? सिल्व्हरला मिळतं ते यात धरायचं नाही, फक्त वरचं धरायचं. लाउंज? तो बऱ्याचदा क्रेडिट कार्डावर आधीच मिळतो. उरलेल्या दहा वेळांचं धरू, आणि किंमत लावताना स्वतःच्या खिशातून आपण तिथे जेवढ्याचं खाल्लं असतं तेवढीच लावू, ३०० रुपये. झाले ३,०००. सामान? हा पाठीवर एक पिशवी घेऊन जाणारा माणूस, त्यामुळे शून्य. रांगेत दर फेरीला १० मिनिटं वाचली, तर २८ फेऱ्यांची २८० मिनिटं, म्हणजे पाच तासही नाहीत. ते पाच तास वाचवायला तो रविवारचे दहा-बारा तास घालवणार! या गृहस्थाने घरी जेवून झोपावं.

दुसरा कापडाचा व्यापारी. त्याच्याकडे दर वेळी नमुन्यांची जादा बॅग असते. समजा तिचे एका वेळी २,००० रुपये लागतात आणि वर्षात दहा वेळा ती न्यावी लागते. गोल्डला ते सामान माफ असेल तर त्याचे २०,००० वाचतात. त्याने १२,००० घालून दोन फेऱ्या पुऱ्या केल्या, तर त्याला वेडा म्हणता येणार नाही. अट एकच: पुढच्या वर्षीही तो तितकाच फिरणार असला पाहिजे.

गोव्याचं तिकीट काढण्याआधी आणखी तीन गोष्टी बघायच्या. एक, सगळ्या फेऱ्या खात्यावर चढल्या आहेत का? भागीदार कंपनीच्या विमानाने गेलेली फेरी कधी कधी राहून जाते. बोर्डिंग पास जपला असेल तर ती मागता येते. दोन, जानेवारीत ठरलेलं काम डिसेंबरात उरकता येईल का? नवी फेरी काढण्यापेक्षा असलेली अलीकडे ओढणं केव्हाही बरं. तीन, वर्ष कोणतं? काही योजना जानेवारी-डिसेंबर मोजतात, काही तुम्ही सदस्य झालात त्या महिन्यापासून.

गुण कोणाचे, पैसे कोणाचे?

गोदामाचा मालक स्वतःच्या पैशाने फिरतो, तेव्हा तो हिशेब करतो. पण कंपनीच्या तिकिटावर फिरणाऱ्याचं काय होतं? तिकीट कंपनीचं, गुण माणसाचे. शेजारच्या विमानाचं तिकीट हजाराने स्वस्त असलं तरी तो 'आपल्या'च विमानाने जातो. विमानकंपन्यांना हे चांगलं ठाऊक आहे, आणि योजनेची खरी ताकद इथेच आहे.

आणि या योजना म्हणजे काही किरकोळ धंदा नव्हे. बँका आपल्या कार्डधारकांना वाटण्यासाठी विमानकंपन्यांकडून गुण विकत घेतात. २०२० मध्ये करोनामुळे विमानं जमिनीवर होती तेव्हा युनायटेडने आपली गुणांची योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले. विमानं बंद, पण गुणांच्या वहीवर कर्ज मिळतं!

याची दुसरी बाजूही आपण पाहिली आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरचा परवाना निलंबित झाला. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचं अमृतसर-मुंबई विमान उतरलं आणि कंपनी थांबली. जेटची गुणांची योजना वेगळ्या कंपनीत होती, म्हणून ती पुढे दुसऱ्या नावाने चालली. पण प्लॅटिनम कार्डवाल्याला ज्या विमानात मान मिळायचा, ते विमानच उडेना. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्ताराच्या सदस्यांचा हिशेब दुसऱ्या वहीत गेला. नियम कंपनीचे, वही कंपनीची. आपण साठवलेलं सोनं दुसऱ्याच्या तिजोरीत आहे हे विसरायचं नाही.

पायरी आणि उतार

आता भिवंडीत येऊ. आपल्या मागावर कामगाराला मजुरी मिळते ती विणलेल्या कापडावर. एक मीटर जास्त, थोडे पैसे जास्त. एक मीटर कमी, थोडे पैसे कमी. दर पुरेसा आहे का, हा वेगळा आणि मोठा प्रश्न. पण या मोजणीचा आकार उताराचा आहे, त्यात पायरी नाही.

पायरी कुठे दिसते? विजेच्या सवलतीत. २७ अश्वशक्तीच्या आतल्या यंत्रमागांना एक दर, त्यावरच्यांना दुसरा. २०२४ मध्ये राज्य सरकारने जादा सवलत दिली तेव्हाही २७ च्या आत युनिटला १ रुपया आणि २७ ते २०१ मध्ये ७५ पैसे, अशीच रेघ होती. सरकारला कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे समजू शकतं. पण विमानकंपनीची रेघ सोयीसाठी नसते. तुम्ही तिच्याकडे धावावं म्हणून ती ओढलेली असते.

हीच दुसरी रेघ आता गोदामांतून बाहेर पडून रस्त्यावर आली आहे. पार्सल पोहोचवणाऱ्या मुलांना इन्सेंटिव्ह असतो. समजा, दिवसाला ४० पार्सल पोहोचवली तर २५० रुपये जादा. ३९ झाली तर काही नाही. म्हणजे चाळिसावं पार्सल एकट्याने अडीचशे रुपयांचं झालं. रात्री साडेनऊला मुंबई-नाशिक महामार्गावर, ट्रकांच्या रांगेतून, उलट्या बाजूने दुचाकी घालणारा मुलगा आपण पाहतो आणि म्हणतो, 'काय ही आजची पोरं!' त्याच्या खिशातल्या मोबाइलवर 'फक्त एक बाकी' असं लिहिलेलं असतं, हे आपल्याला दिसत नाही. विमानवाल्याचा जातो तो एक रविवार. या मुलाचं काय जाऊ शकतं, ते सांगायची गरज नाही.

इथे समोर गोदामवाले बसले आहेत, वाहतूकवाले आहेत. असे नियम तुमच्यापैकी काही जण ठरवतात. तेच २५० रुपये उताराने देता येतात. ३१ व्या पार्सलपासून प्रत्येकी २५ रुपये. ४० झाली की २५० च होतात, पण ३९ वाल्याला २२५ मिळतात. चाळिसाव्यासाठी जिवावर उदार व्हायचं कारण राहत नाही. ३१ ते ३९ वाल्यांना द्यावे लागतील तेवढे पैसे जास्त जातील, हे खरं आहे. मालकाने ती रक्कम मांडून बघावी आणि तिच्या शेजारी एका अपघाताची रक्कम मांडावी.

विमानाच्या बाबतीत मात्र नियम आपल्या हातात नाही, हिशेब आहे. पुढच्या डिसेंबरात तो संदेश आला, की 'किती कमी पडले' हे बघू नका. त्या दर्जाचं जे मिळणार आहे, ते रोख पैसे मोजून मी विकत घेतलं असतं का, एवढंच स्वतःला विचारा. उत्तर हो असेल तर खुशाल जा. नाही असेल, तर २८ फेऱ्यांचं वर्ष हे कामाचं वर्ष होतं, एवढं समाधान पुष्कळ आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.