चाक कशाचं?

वर्धा जिल्ह्यातल्या लेकरांची चाकाशी पहिली गाठ पडते ती तान्ह्या पोळ्याला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी सजतो, त्याच्या पायाखाली चार चाकं असतात आणि पोर दोरी धरून तो मिरवत नेतं. पुढचं चाक आम्ही सेवाग्रामच्या पोरांनी स्वतः शोधलं: बेअरिंगची गाडी. गॅरेजमधली टाकून दिलेली बेअरिंगं, एक फळी, दोन दांडे. बेअरिंगची बाहेरची कडी हेच चाक. उतारावर तिचा खडखडाट दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाई. बोराएवढी गिट्टी आडवी आली की गाडी जागीच अडे आणि वरचा पोरगा पुढे फेकला जाई.

पुढे स्केटबोर्डाचा इतिहास वाचताना लक्षात आलं, की १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातली पोरं हेच करत होती. रोलर स्केटची लोखंडी चाकं काढायची आणि फळीला ठोकायची. नंतर मातीच्या मिश्रणाची चाकं आली. ती जरा शांत होती, पण लवकर झिजत, वळणावर घसरत आणि खड्यापुढे तितकीच हतबल. पडझडी इतक्या वाढल्या, की अनेक शहरांनी बंदी घातली आणि १९६५ संपता संपता हा खेळ जवळजवळ विझला. फळीत खोट नव्हती, पोरांच्या हिमतीतही नव्हती. चाक चुकीचं होतं.

१९७० मध्ये फ्रँक नॅसवर्दी हा तरुण व्हर्जिनियातल्या पर्सेलव्हिल गावी एका प्लास्टिकच्या कारखान्यात गेला. तिथे रोलर स्केटसाठी पॉलियुरेथेनची चाकं ओतली जात. ती त्यानं आपल्या स्केटबोर्डाला लावून पाहिली आणि काही वर्षांतच ‘कॅडिलॅक’ या नावानं विकायला काढली. हे रसायन जर्मनीत ओटो बायर यांच्या प्रयोगशाळेत १९३७ मध्येच जन्मलं होतं. त्याला रस्ता सापडायला तीन दशकं लागली.

या चाकानं नेमकं काय बदललं, हे समजायला आपली बंडी पुरेशी आहे. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवलेली बंडी प्रत्येक दगडावर अख्खीच्या अख्खी उचलली जाते. बैलांची ताकद त्या उचलण्यात जाते, धक्का माणसाच्या कमरेला बसतो. तिला रबरी टायर लागले, की दगडापुरता टायर दबतो आणि बंडी सरळ पुढे जाते. युरेथेनचं चाक तेच करतं. बारीक खडा ते पोटात घेतं, वेग टिकतो, वळताना रस्ता धरून ठेवतं आणि झिजतंही सावकाश. १९७५ च्या सुमारास बंद बेअरिंग आलं, तेव्हा सुट्या गोळ्या निसटायचं संकट टळलं. आमच्या गाडीत बेअरिंग हेच चाक होतं. इथे ते चाकाच्या पोटात गेलं. आजही जगभरच्या स्केटबोर्डांत बेअरिंगचं एकच माप चालतं: भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, रुंदी ७.

सत्तरच्या दशकाअखेर अमेरिकेत विम्याचा खर्च न झेपल्यानं स्केटपार्क बंद पडत गेले आणि पोरं रस्त्यावर आली. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. फ्लोरिडाच्या ॲलन गेलफंडनं हातानं न धरता बोर्डासह हवेत उठायची ‘ऑली’ ही युक्ती शोधली होती. रॉडनी मलननं १९८२ च्या सुमारास ती सपाट जमिनीवर आणली. शेपटी जमिनीवर आपटायची आणि पुढच्या पायानं फळी वर ओढून घ्यायची. मग फुटपाथची कड, पायऱ्या, कठडे, बाक, सारं शहरच मैदान झालं. मार्क गोन्झालेस आणि नाटस कौपस यांनी ऐंशीच्या दशकात या रस्त्यावरच्या ‘स्ट्रीट’ प्रकाराला वळण दिलं. तिकीट नाही, वेळापत्रक नाही.

या खेळानं चाक पुन्हा बदललं. हवेत फळी गिरकवायची तर वजन कमी हवं, म्हणून चाकं लहान होत गेली. नव्वदीत ४० मिलिमीटरच्या आसपास उतरली आणि पुढे ५० ते ५४ वर स्थिरावली. कडकपणाही वाढला. त्याच्या मापावर ७८ म्हणजे मऊ, खडबडीत रस्त्यासाठी. ९९ ते १०१ म्हणजे गुळगुळीत काँक्रीटवर घसरून कसरत करण्यासाठी. सेवाग्राम ते वर्धा ८ किलोमीटर धरले, तर ५२ मिलिमीटरच्या चाकाला जवळपास ४९ हजार फेरे घ्यावे लागतील; साडेचार फुटी बंडीच्या चाकाला सुमारे १,८५० पुरतात. लहान चाकाला रस्त्याचा प्रत्येक दोष भोगावा लागतो, तो असा.

म्हणून आपल्याकडे प्रश्न बोर्डाच्या किमतीइतकाच जमिनीचा आहे. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या गावात २०१५ मध्ये काँक्रीटचा स्केटपार्क झाला. तिथला नियम: शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, आणि मुलींना पहिला मान. त्याच गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत उतरली. आपल्या पुण्याच्या श्रद्धा गायकवाडनं २०२२ मध्ये गुजरातेतल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदक मिळवलं. आधी २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकात १३ वर्षांच्या मोमिजी निशियानं स्ट्रीट प्रकारातलं सुवर्ण जिंकलं होतं. तेरा वर्षांची पोर आमच्याकडे सातवी-आठवीत असते.

सेवाग्रामात चाक म्हटलं की चरखा आठवतो, आणि तो आठवावाच. अखिल भारतीय चरखा संघानं १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. झोपडीत चालेल, हलका असेल, सहज दुरुस्त होईल असं चाक त्यांना हवं होतं. गरिबाच्या घरातल्या चाकाचा इतका बारीक विचार करणारी ही माणसं पुढे आमच्या शेजारची झाली, म्हणून पोरांच्या चाकाचाही तसाच विचार व्हावा असं मला मनापासून वाटतं.

गुळगुळीत जमीन गावात नाही, असं मात्र नाही. धान्य वाळवायला, मळणीला लोकांनी काँक्रीटची खळी बांधली आहेत. माझ्या भाच्यासाठी यंदा स्केटबोर्ड आणला, तेव्हा त्यानं जागा स्वतःच दाखवली: घरामागचं खळं, एका कडेला हलका उतार, दुसऱ्या कडेला वीतभर उंच पायरी. चाकं मी ७८ ची घेतली, कारण खळ्यापर्यंतचा रस्ता गिट्टीचा आहे. सध्या तिथे सोयाबीन पसरलंय. ते उचललं, की तूर येईपर्यंत महिना-दीड महिना खळं मोकळं राहील. तोवर तो रोज संध्याकाळी अंगणात उलट्या ठेवलेल्या बोर्डाची चाकं फिरवतो आणि कोणतं शेवटी थांबतं ते मोजतो.