फराळ चार दिवसांचा, डबा महिन्याचा

दिवाळी आटोपली की आमच्या लॅबमध्ये सकाळची गर्दी वाढते. मी नालासोपाऱ्याला पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेण्याचं काम करते आणि राहते कळंबला. येणाऱ्यांत आपल्याच पट्ट्यातली माणसं बरीच असतात, राजोडीची, निर्मळची. सुई टोचायच्या आधीच त्यांचा खुलासा सुरू होतो. ‘ताई, चार दिवस गोडाला हात लावला नाही हं. रात्री नुसती भाकरी.’ उपाशीपोटीची साखर मग बरी येते आणि चेहरा खुलतो. (काही जण उपाशीपोटी म्हणतात, पण चहा घेऊन आलेले असतात. चहा त्यांच्या हिशेबात धरत नाहीत.)

पण डॉक्टरांनी चिठ्ठीवर एचबीएवनसीसुद्धा लिहिलेली असते, आणि ती चार दिवसांच्या पथ्याला भीक घालत नाही. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसते. पेशी जगते साधारण १२० दिवस. त्यामुळे हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. नोव्हेंबरात दिलेल्या रक्तात दसरा, कोजागिरी, दिवाळी सगळं हजर असतं.

रोज हे आकडे बघून माझं एक मत झालंय. सणाच्या दिवशी खाल्लेल्या दोन करंज्यांनी फारसं बिघडत नाही. सण संपल्यावर ओट्यावर उरलेला डबा बिघडवतो.

आमच्याकडचं कॅलेंडरच बघा. श्रावण संपला की गणपती. त्यात गौरी येतात, आणि किनाऱ्यावरच्या काही घरांत गौरीला तिखटाचाही नैवेद्य असतो. मग पितृपक्षातले खीर-वडे, मग नवरात्र. नवरात्रात उपास म्हणून साबुदाणा, जो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. मग दसरा, दिवाळी. दिवाळीनंतर साडेतीनेक आठवड्यांनी, कार्तिक वद्य एकादशीला, निर्मळची जत्रा लागते. ती उतरते न उतरते तोच नाताळ, आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून केक, करंज्या आणि कलकलांचं ताट येतं. यातला एकही सण मी सोडायला सांगणार नाही. माझ्या सासूबाईंना तसं सांगून तर बघा!

सासूबाईंच्या तरुणपणी वाडीतल्या बायका एकमेकींकडे जाऊन फराळ करायच्या. चकलीच्या सोऱ्यावर हात दुखायचे, म्हणून जेवढा झेपेल तेवढाच व्हायचा. ताटं शेजारीपाजारी जायची आणि भाऊबीज झाली की डबे घासून पालथे. आता चकली किलोवर मिळते, ऑफिसातून मिठाईची खोकी येतात, आणि येता-जाता एकेक उचलता उचलता महिना जातो. ते खाणं ताटात वाढलेलं नसल्यामुळे खाल्ल्यासारखं वाटतच नाही. ‘डाएट चिवडा’ हा प्रकारही मला पटत नाही. तो हलका आहे म्हणून माणूस दोन वाट्या खातो.

अमेरिकेतल्या १९५ माणसांची वजनं नोव्हेंबर ते जानेवारीच्या सणांत मोजली गेली होती. तो अभ्यास २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. लोकांना वाटत होतं, आपण दीड किलोने वाढलो. प्रत्यक्षात सरासरी वाढ होती पाऊण पौंडाच्या आसपास, ३७० ग्रॅम. ऐकून हायसं वाटतं. गोम पुढे आहे. थंडी सरली तरी ती वाढ उतरली नाही. दर वर्षी एवढी भर पडत गेली तर पन्नाशीतलं पोट कुठून आलं, हे वेगळं शोधायला नको.

मग करायचं काय? मला पंगत आठवते. पानात मीठ-लिंबू, चटणी, कोशिंबीर आधी यायची, सगळ्यांचं वाढून होईपर्यंत, श्लोक होईपर्यंत थांबायचं, मग वाढपी एकेक पदार्थ घेऊन फिरायचे. पोट भरल्याची खबर मेंदूपर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि पंगतीत तेवढा वेळ आपोआप मिळायचा. बुफेत उभ्या उभ्या दहा मिनिटांत प्लेट रिकामी होते. अर्थात पंगतीत आग्रह होता. जिलबीवर पैजा लागायच्या. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक मोकळा ठेवायला सांगितला होता. तो मोकळा भाग आपल्याकडे पाहुण्याच्या नावाने भरला जातो.

आग्रहापुढे ‘मला शुगर आहे’ म्हटलं तर वादच होतो. ‘एकाने काय होतंय?’ मी म्हणते, ‘वहिनी, बांधून द्या, घरी सगळे मिळून खाऊ.’ यजमानीण खूश, आणि घरी त्या एका पुडीचे पाच वाटेकरी. जेवताना आधी उसळ, कोशिंबीर, मासे खाते, भात आणि गोड नंतर. त्याने साखर सावकाश चढते. जेवणानंतर समुद्राकडे पंधरा मिनिटं पाय मोकळे केले तर चालणारे स्नायू रक्तातली बरीच साखर उचलतात.

आणखी एक भ्रम रोज ऐकते, तो गुळाचा. मोदकात गूळ आहे म्हणून चालतो म्हणे. रक्ताला गूळ आणि साखर यांत फारसा फरक कळत नाही. तीच गोष्ट निर्मळच्या जत्रेतल्या सुकेळीची. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, वरून साखरेचा कणही नाही. पण ताज्या केळ्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. ते उडून गेलं की मूठभर सुकेळीत बऱ्याच केळ्यांची साखर उरते. सुकेळी मला जीव की प्राण. जत्रेत पाव किलोच घेते, आणि चहाबरोबर नाही, जेवणाच्या शेवटी एक.

ज्यांना इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या चालू आहेत, त्यांनी रात्रीच्या मेजवानीसाठी दुपारचं जेवण परस्पर गाळू नये. साखर ७० च्या खाली गेली तर घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस भोवळ येऊन पडू शकतो. अशा वेळी आधी साखरेचं पाणी द्यायचं, पथ्याचं नंतर बघता येतं. गोळीची वेळ बदलायची असेल तर सणाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दवाखाने बंद असतात.