रिमोटची रणभूमी : लेखांक ६
भिंतीपलीकडचा गोळा

मागच्या आठवड्यात रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या रणगाड्यांच्या समोरासमोरच्या माऱ्याचे नियम पाहिले. आज तोफखाना. सगळ्या खेळात नियम करायला सर्वांत अवघड भाग हाच, आणि माझ्या मते सर्वांत सुंदरही.

अडचण कुठे आहे ते आधी पाहू. १/१६ मापाच्या रणगाड्याच्या नळीतून गोळा सुटत नाही, अवरक्त किरणांचा झोत सुटतो. शत्रूच्या टरेटवर एक छोटा गोल ग्राहक बसवलेला असतो. हे खेळणारे त्याला ‘सफरचंद’ म्हणतात. झोत त्यावर पडला की गाडा हादरतो, आणि ठरलेले फटके खाऊन झाले की बंद पडतो. पण प्रकाश सरळ जातो. ठाण्यातल्या आमच्या कोपरीच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. तिच्यामागे उभ्या राहिलेल्या गाड्याला कोणताही झोत शिवू शकत नाही. खरी तोफ मात्र नेमकं हेच करते, आडोशावरून मारते. म्हणजे खेळातल्या तोफेचा गोळा यंत्रातून मिळत नाही, तो नियमातूनच घडवावा लागतो.

(काही गाडे ६ मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या गोळ्या उडवतात. गच्चीवर मुलं असतात, मुलांना डोळे असतात. आमच्याकडे त्या पूर्ण बंद.)

दुसरी अडचण अंतराची. देवळालीला नोव्हेंबर २०१८ मध्ये के-९ वज्र ही १५५ मिलिमीटरची तोफ सैन्यात दाखल झाली. तिचा पल्ला तीस किलोमीटरच्या पुढे. सोळाने भागलं तरी पावणेदोन किलोमीटरहून जास्त उरतात. तोफ अष्टविनायक चौकात ठेवली, तर गोळा रेल्वेचे रूळ ओलांडून तलावपाळीच्याही पुढे जाईल! तेव्हा गच्चीवर तोफेचं मॉडेल मांडून ती चारी बाजूंना फिरवणं दिसायला छान, पण खोटं. तोफ मैदानात नसतेच. म्हणून आमचा पहिला नियम : तोफ जिन्यात. तोफ चालवणारा खालच्या लँडिंगवर बसतो, आणि त्याला गच्चीवरचं काहीही दिसत नाही.

मग दिसतं कोणाला? निरीक्षकाला. आपल्या सैन्यात ‘ओपी’ हा शब्द सर्रास चालतो, म्हणजे पुढे जाऊन डोळा लावून बसलेली चौकी. १९९९ मध्ये कारगिलला बोफोर्सचे गोळे शिखरांवर अचूक पडत होते, त्यामागे असे निरीक्षक होते. तोफखान्याचा गाभा हाच आहे. बघणारा वेगळा, मारणारा वेगळा, आणि दोघांना जोडणारा फक्त आवाज. ‘गोलंदाज’ हा शब्द आपण क्रिकेटला देऊन टाकला, पण तो मुळात तोफा डागणाऱ्याचा.

गच्चीवर खडूने चौकोन आखतो. आडवी अक्षरं, उभे आकडे. निरीक्षक हा स्वतंत्र खेळाडू. त्याच्या हातात रिमोट नसतो. तो ओरडतो, “ग पाच!” जिन्यातला गोलंदाज मोठ्याने दहा आकडे मोजतो. खरा १५५ मिलिमीटरचा गोळा लांब पल्ल्यावर मिनिटभर हवेत असू शकतो, त्या वाटेची ही छोटी आवृत्ती. दहा झाले की फासा. पहिला गोळा सहसा चुकतो आणि शेजारच्या चौकोनात पडतो. निरीक्षक सुधारणा सांगतो, “एक घर मागे!” दुसऱ्या गोळ्याची चूक कमी, तिसऱ्याची नाहीच. पण गाडा मधल्या दहा आकड्यांत चौकोनातून निघून गेला तर वाचला.

या एका नियमाने खेळ कसा बदलतो, ते दिवाळीच्या सुट्टीत दिसलं. सातवीतला एक मुलगा दर वेळी गाडा टाकीमागे उभा करून बसायचा आणि फक्त नळी बाहेर काढायचा. त्या संध्याकाळी (ऊन उतरल्यावरच खेळतो, उन्हात अवरक्त झोत दुबळा पडतो) समोरच्या बाजूची निरीक्षक एक नऊ वर्षांची मुलगी होती. तिने घर सांगितलं. आठ, नऊ, दहा. चुकला. “उजवीकडे एक!” पुन्हा मोजणी सुरू. सहावर असताना तो घाईने मागे सरकला, कठड्याला अडकला, आणि दहाला त्याच घरात सापडला. त्यानंतर टाकीमागे कुणी मुक्काम केलेला नाही.

तोफेला आवर कसा घालायचा, याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी एच. जी. वेल्सने दिलं होतं. १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’मध्ये त्याच्या खेळण्यातल्या तोफा स्प्रिंगने लाकडी गोळे खरोखर उडवत. त्याने अट घातली की तोफेच्या सहा इंचांत आपल्या बाजूची किमान चार माणसं हवीत, नाहीतर ती हलणार नाही आणि डागताही येणार नाही. शिवाय एका पाळीत एक तर हलवा किंवा डागा, आणि डागली तर जास्तीत जास्त चार गोळे. मला या अटी फार मोलाच्या वाटतात, कारण तोफ ताकदवान असली तरी परावलंबी असते, हे त्यांतून मुलाला आपोआप कळतं. आम्ही चार गोळ्यांची मर्यादा जशीच्या तशी उचलली. चार झाले की गोलंदाजाने तळमजल्याला हात लावून परत यायचं. तो त्याचा दारूगोळा. कोपरीत जुन्या इमारतींना लिफ्ट नाही, त्यामुळे हा नियम पायांना चांगला समजतो.

शेवटचा नियम मी पानिपतावरून घेतला. १७६१ च्या त्या दिवशी इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी आधी मोठं काम केलं, पण आपलीच फौज पुढे सरसावली तेव्हा माऱ्याची वाट अडली, असं इतिहासलेखक सांगतात. म्हणून ज्या घरावर मारा करायचा, त्याच्या लगतच्या कोणत्याही घरात आपला गाडा असेल तर तोफ गप्प. निरीक्षकाने चुकून सांगितलं आणि गोळा सुटला, तर फटका आपल्याच गाड्याला. यावरून आमच्याकडे सर्वांत जास्त भांडणं होतात. म्हणून दोन्ही बाजूंचे निरीक्षक आता खेळापूर्वी चौकोनांची फेरी मारून घरं पाठ करतात.